रॅमचे भाव चढलेत. सात कॉम्प्युटर आत्ता बदलू की काजूच्या हंगामानंतर?

काजूबोंड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. बी वाफवणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी, पॅकिंग सगळं एकाच आवारात. ऑफिस आणि शेड मिळून सात कॉम्प्युटर. बाबा लागेल तसा एकेक घेत गेले, त्यामुळे दोन एकसारखे नाहीत. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) मुख्य कॉम्प्युटर इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसरचा, आठव्या पिढीचा. बिलिंगचे दोन सहाव्या पिढीचे आय-थ्री, चार-चार जीबी रॅम. वजनकाट्याला जोडलेला एक पुराणपुरुष आहे, चौथ्या पिढीचा. एक कॅमेरे बघायला, एक पॅकिंग शेडमध्ये लेबलं छापायला, आणि धाकट्या भावाचा लॅपटॉप, ज्यावर जीएसटीचं सगळं चालतं.

दिवाळीच्या आधी सातही बदलायचं कोटेशन घेतलं होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून. घेऊ घेऊ करत राहिलं. आता जानेवारी २०२६ मध्ये त्याच माणसाकडून तेच कोटेशन पुन्हा मागवलं तर आकडा सरळ तिसऱ्या हिश्शाने वर, आणि खाली ओळ: "भाव फक्त आजपुरता." काजू बी घ्यायला फेब्रुवारीपासून रोख लागते, म्हणजे नेमके आता हात बांधलेले. भाऊ म्हणतो जूनपर्यंत थांबू, भाव उतरतील. सीए म्हणतात ३१ मार्चच्या आत घ्या. बाबा म्हणतात चालतायत ना, मग कशाला?

तिघांपैकी कोणाचं ऐकू?

---

सोल्डरगन

कणकवलीत रिपेरिंग करतो, म्हणून लिहायचा अधिकार आहे असं धरून चालतो.

भाऊ म्हणतो ते आधी निकालात काढू. जूनपर्यंत उतरतील हे विसरा. रॅमच्या चिप बनवणाऱ्या जगात मोठ्या अशा तीनच कंपन्या: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरला जी एचबीएम नावाची मेमरी लागते ती याच तिघी बनवतात, आणि एक जीबी एचबीएमला साध्या डीडीआर५ रॅमच्या (डीडीआर३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या) साधारण तिप्पट वेफर, म्हणजे चिप कापायची सिलिकॉनची चकती, खर्ची पडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्सशी बोलणी केली, त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतचा आकडा होता. आपल्याकडे कसं, सगळे ट्रॉलर कोळंबीच्या मागे गेले की बाजारात बांगडा आणणार कोण? तसं झालंय. बांगड्याला रोग लागलेला नाही, तो पकडायला होडी नाही.

त्यात मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ ला जाहीर केलं की क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करतोय. आणि तुमच्या जुन्या मशीनला लागणारी डीडीआर४ तर कंपन्या आधीच गुंडाळायच्या बेतात होत्या, तिचे भाव २०२५ च्या मध्यातच उसळले होते. माझ्या काउंटरवर गेल्या मेमध्ये आठ जीबी रॅमची पट्टी ज्या भावाला विकली, त्याच्या अडीच-तीनपट आज मलाच घाऊकमध्ये सांगतात. एसएसडीही (न फिरणारी, वेगवान डिस्क) मागोमाग चढतेय. वर डॉलर डिसेंबरात नव्वदच्या पुढे गेला, तेही बिलात येणारच.

नवे चिप-कारखाने उभे राहायला वर्षं लागतात. २०२७ च्या आधी मोठा दिलासा मला तरी दिसत नाही.

पण म्हणून आजच सात घ्या असंही मी म्हणणार नाही. आधी सातही उघडून बघा. आत काय आहे ते इथे लिहा.

---

चाकरमानी_ठाणे

गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आलाय ना? मग आपल्याकडे स्वस्त व्हायला हवं.

आणि दुसरं, सात-सात डबे हवेतच कशाला? सगळं क्लाउडवर टाका. टॅली क्लाउडवर मिळतं. समोर साधा स्वस्त कॉम्प्युटर असला तरी पुरे.

---

मालवणी_म्हातारो

चाकरमान्या, तू गणपतीक येतंस आणि पाच दिवसांनी जातंस. जूनात येऊन बघ. लाइट गेली काय टॉवर गेलो, टॉवर गेलो काय तुझा क्लाउड गेला. खरो ढग मात्र डोक्यार असता, तो खय जाणा नाय.

---

सोल्डरगन

म्हातारबांना +१.

साणंदचं सांगतो. तो प्रकल्प चिप जोडायचा, पॅक करायचा आणि तपासायचा आहे. वेफर तिथे बनत नाही, तो बाहेरूनच येतो. म्हणजे काजू फोडायचा कारखाना आपल्याकडे आला, पण बी आयातीचीच. काजूबोंड यांना हे वेगळं समजवायला नको.

---

काजूबोंड

हाहा, बरोबर. आमच्याकडेही निम्म्या कारखान्यांत आफ्रिकेचीच बी फुटते.

रविवारी उघडतो.

---

ताळेबंद

मी चिपळूणला अकाउंट्सचं काम करते. तुमच्या सीएंचा सल्ला बरोबर आहे, पण लोक त्याचं कारण चुकीचं समजतात म्हणून लिहिते.

कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के. त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर निम्मा, म्हणजे २० टक्के. त्यामुळे काही जण म्हणतात की मार्चमध्ये घेऊन निम्मा घसारा कशाला, एप्रिलमध्ये घेऊ. आकडे मांडून बघा. जीएसटी सोडून ५०,००० चं यंत्र मार्चमध्ये घेतलं: यंदा १०,०००, उरलेल्या ४०,००० वर पुढच्या वर्षी १६,०००. मार्च २०२७ पर्यंत २६,००० वजा. तेच एप्रिलमध्ये घेतलं तर मार्च २०२७ पर्यंत २०,०००. म्हणजे मार्चच बरा. पण फरक सहा हजारांच्या वजावटीचा, सहा हजार रुपयांचा नव्हे. तुमची भागीदारी संस्था असेल तर ३० टक्क्यांनी १,८०० रुपये कर, तोही वाचत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. एवढ्यासाठी घाई करू नये आणि थांबूही नये.

घसारा हवा तर यंत्र ३१ मार्चच्या आत वापरात आलेलं हवं. खोक्यात बंद ठेवून बिल दाखवलं तर चालत नाही.

जीएसटी १८ टक्के. तुम्ही नियमित करदाते असाल तर क्रेडिट मिळेल, बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घालून घ्या. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यवसायांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) असाल तर मिळणार नाही, मग ते १८ टक्के खर्चातच धरा. क्रेडिट घेतलं तर त्या रकमेवर घसारा मागू नका, दोन्हीकडून लोणी मिळत नाही.

---

पतपेढीतला_कारकून

वाचनखूण साठवली.

माझ्याकडे क्रुशियलची पट्टी आहे. ब्रँड बंद म्हणजे वॉरंटी गेली का?

---

सोल्डरगन

नाही. जुन्या मालाची वॉरंटी सांभाळू असं मायक्रॉनने सांगितलंय. बिल मात्र जपून ठेवा, छापील असेल तर फोटो काढून ठेवा. थर्मल कागदाचं बिल आपल्या हवेत वर्षात कोरं होतं.

---

सड्यावरची

विषय काजूचा आहे, मी होमस्टेवाली, तरी लिहिते. मालवणच्या वर सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, आमचं घर. तीन वर्षांत दोन मदरबोर्ड गेले. दोन्ही वेळा मला "मशीन जुनं झालंय, नवं घ्या" हेच सांगितलं गेलं. दुसऱ्यांदा नवंच घेतलेलं होतं!

शेवटी एका वायरमन दादांनी मल्टिमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत हवं म्हणे, आमच्याकडे एकोणीस. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात, चार फुटांवर कातळ लागला म्हणून तिथेच थांबवलेला, आणि एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा. नवीन खड्डा मागच्या दारी, जिथे भांडी घासल्याचं पाणी जातं तिथे घेतला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओततो. तेव्हापासून काही गेलेलं नाही, हात लाकडाला लावते.

सात मशीनचे पैसे घालायच्या आधी हे एकदा बघून घ्या.

---

सोल्डरगन

ताई, हे सोन्याच्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखं आहे. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमधली निम्मी तरी वयाने मरत नाहीत. वळिवाच्या विजेने, परतीच्या पावसाने किंवा खाऱ्या हवेने मरतात. वीज पडते तेव्हा लोक प्लग काढतात आणि लॅनची वायर तशीच ठेवतात, वीज येते राउटरमधून. कॅमेऱ्याची वायरही तशीच.

नव्या मशीनच्या खरेदीत यूपीएसची बॅटरी धरलीय का हेही बघा. तीन वर्षांची बॅटरी दोन मिनिटं टिकते आणि हिशेब मधेच लटकतो.

---

काजूबोंड

उघडले. दोन तास गेले, नाक अजून काळं आहे.

मुख्य मशीन: आठ जीबीची एकच पट्टी, एक स्लॉट मोकळा. डिस्क अजून फिरणारी! त्यात एसएसडी नाही हे मला आज कळलं. विंडोज ११ चा तपासणी-प्रोग्राम म्हणतो "पात्र नाही".

बिलिंगचे दोन: चार जीबीची एकेक पट्टी, डीडीआर४.

वजनकाट्याचा: डीडीआर३. पट्टी काढली तर सोनेरी दातांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी.

कॅमेऱ्यांचा: आत पालीची अंडी. तीन.

लेबलांचा: हासुद्धा आठव्या पिढीचा निघाला, चार जीबी. हाही "पात्र नाही".

लॅपटॉप: सातवी पिढी, आठ जीबी, एसएसडी आहे.

अर्थिंग: सड्यावरची ताईंच्या सांगण्यावरून मोजलं. ऑफिसात दीड, शेडमध्ये अकरा.

---

सोल्डरगन

आता बोलता येईल.

आठव्या पिढीची दोन्ही मशीन "पात्र नाही" का म्हणतायत? बहुतेक टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, बंद आहे. वेगळी चिप घ्यायची गरज नाही, ती प्रोसेसरातच असते. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जा, सिक्युरिटी किंवा अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पीटीटी (टीपीएमचं इंटेलचं नाव) असं दिसेल, ते चालू करा. एएमडीवाल्यांना एफटीपीएम दिसेल. बूट जुन्या लेगसी पद्धतीवर असेल तर यूईएफआय या नव्या पद्धतीवर आणावं लागेल. आधी बॅकअप, मग हात लावा.

सहावी आणि, एखाददुसरा अपवाद सोडला तर, सातवी पिढी मात्र विंडोज ११ च्या यादीत नाही. यूट्यूबवर तपासणी चुकवून टाकायच्या युक्त्या आहेत, घरच्या मशीनला करा हवं तर. धंद्याच्या मशीनला नको, पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

म्हणून बिलिंगच्या दोघांवर नवी रॅम अजिबात घालू नका. उलट त्यांच्यातल्या चार-चारच्या पट्ट्या काढायच्या. दोन्ही डीडीआर४ आहेत ना? एक लेबलवाल्यात, म्हणजे तिथे आठ. दुसरी मुख्य मशीनच्या मोकळ्या स्लॉटमध्ये, तिथे बारा. मुख्य मशीनला एक एसएसडी घ्या, ते विकत. आजच्या भावात घरातली रॅम म्हणजे लॉकरमधलं सोनं. लोक भंगारात देतात आणि मग तीच माझ्याकडून विकत नेतात.

वजनकाट्याच्या पट्टीला शाळेचा पांढरा खोडरबर घ्या, दातांवरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, भुगा ब्रशने झटका. जोर केला तर सोनंच जाईल.

---

पतपेढीतला_कारकून

वजनकाटा कसा जोडलाय? आमच्या ओळखीच्या एका भातगिरणीत नवीन मशीन आणलं आणि काटा लावायला भोकच नाही. नऊ पिनांचा सिरियल पोर्ट नव्यात येत नाही. तसाच डॉट मॅट्रिक्सचा रुंद पोर्ट. ऐन हंगामात दोन दिवस हाताने पावत्या.

---

काजूबोंड

अरे देवा. काट्याला नऊ पिनाच आहेत. आणि बिलिंगचा एक प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, जुना.

---

सोल्डरगन

काट्याचं मशीन तसंच राहू दे, फक्त इंटरनेट काढून टाका. लॅनची वायर ओढून काढा, वाय-फाय असेल तर ते पण. वजनाची पावती छापायला त्याला जगाशी काय देणंघेणं? पेनड्राइव्हही लावू देऊ नका. बाहेरचं काही आत येत नसेल तर विंडोज १० असो की ७, भीती खूप कमी होते. ते मेलं की यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर बघू. एक आत्ताच घेऊन काट्यावर चालतो का ते फेब्रुवारीच्या आधी तपासा, सगळे चालत नाहीत.

कॅमेऱ्यांना कॉम्प्युटर कशाला? रेकॉर्डरलाच एचडीएमआय असतं, टीव्ही जोडा.

---

चाकरमानी_ठाणे

लॅपटॉपचं काय? त्यावर बँक, जीएसटी, डिजिटल सही. विंडोज १० चे वाढीव अपडेट विकत मिळतात ना?

---

ताळेबंद

मिळतात. पण दोन योजना आहेत, त्यात गल्लत होते. घरगुती वापराची एक, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ती व्यवसायाच्या वापरासाठी नाही. व्यवसायाची वेगळी: पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. आजच्या भावात पहिलं वर्ष साडेपाच हजारांच्या आसपास. दुसऱ्या वर्षी शिरलात तर पहिल्याचेही पैसे द्यावे लागतात.

म्हणून एका वर्षाचा पूल म्हणून ठीक. तीन वर्षांचे ४२७ डॉलर भरायचे असतील तर तो पैसा नव्या यंत्रात घालावा.

---

सड्यावरची

रिफर्बिश्डचं कोणीच बोललं नाही? मुंबईहून आठव्या पिढीचे छोटे डबे येतात, कंपन्यांच्या लीजमधून सुटलेले.

---

सोल्डरगन

चांगले असतात, मीही विकतो. पण हल्ली आत काय आहे ते घरी आल्यावर बघू नका, पैसे देण्याआधी बघा. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाईकाने बाहेरून मागवलेला डबा आणला, बिलावर १६ जीबी, आत चार. विकणारा फोन उचलत नाही. व्हिडिओ कॉलवर चालू करून टास्क मॅनेजर दाखवायला सांगा.

नवं घेताना रॅम नंतर वाढवू असं ठरवून चार-आठचं घेऊ नका. पूर्वी मीच तसं सांगायचो. आता उलट आहे, कंपनीच्या तयार मशीनमध्ये १६ जीबी बसवून येते ती बऱ्याचदा सुट्या पट्टीपेक्षा स्वस्त पडते. बिलिंगला खरंतर आठ पुरते, पण ब्राउजरमध्ये वीस टॅब उघडणारी माणसं कोणाकडे नाहीत? लॅपटॉप घेताना विचारा रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डावरच डाग देऊन बसवलेली, आहे का. असेल तर जन्मभर तेवढीच.

---

मालवणी_म्हातारो

पावसाळ्यात बंद ठेवू नको रे मशीन. रोज तासभर तरी चालू कर. ऊब रवली काय दमट बसणा नाय. आमच्या वाडीतल्या भजनी मंडळाचो पेटीचो भातो तसोच कुजलो, कोण वाजवीच ना म्हणून.

---

काजूबोंड

मंडळी, ठरलं.

पीटीटी चालू केलं, दोन्ही आठव्या पिढीवाले पात्र झाले. इतके दिवस चालू मशीनला भंगार समजत होतो. मुख्य मशीनला एसएसडी घेतली, टॅली उघडायला आधी मी चहा सांगून यायचो, आता चहावाला यायच्या आत उघडतं. लेबलवाला आठवर चालतोय.

बिलिंगला दोन नवी, १६ जीबी, कंपनीची. आगाऊ पैसे देऊन भाव लेखी बांधून घेतला, तीस दिवसांत माल नाही आला तर पैसे परत असं मेलवर मागितलं. आधी तो नाही म्हणाला, मग दिलं. लॅपटॉपला एका वर्षाचे अपडेट, पुढच्या दिवाळीला बदलणार. सातचं कोटेशन दोनवर आलं. उरलेल्यातून शेडचा अर्थिंग खड्डा आणि यूपीएसच्या तीन बॅटऱ्या.

कन्व्हर्टर पहिला आणला तो काट्यावर चालला नाही. वजन यायचं, पण उलटसुलट आकडे. दुसरा चालला. तो काट्याच्या टेबलाच्या खणात ठेवलाय, वर चिठ्ठी चिकटवून: हात लावू नये.

बाबांना सांगितलं पाच जुने ठेवतोय. म्हणाले, मी काय सांगत होतो?

---

सड्यावरची

आणि पालीच्या अंड्यांचं काय केलंत?

---

काजूबोंड

दोन रिकामी होती. तिसरं बाबांनी कॅबिनेटसकट गोठ्याच्या माळ्यावर ठेवलंय. तो डबा आता कोणाला द्यायचा नाही म्हणतात.